दुरंगी सोबती

माणसाची पारख त्याच्या सोबत्यांवरून करावी, हा आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला न्याय आहे. ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला कीं वाण नाहीं तरी गुण लागतो, हें ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा मुलगा मराठी घरांत वाढणें कठीण. म्हणूनच मुलगा कोणाबरोबर हिंडतो, कोणाच्या ओट्यावर बसतो, याची चौकशी वडीलधारीं माणसें करीत आलीं आहेत. परंतु ज्या सोबत्याला घर नाहीं, ओटा नाहीं, देहहि नाहीं, जो केवळ संगणकाच्या पडद्यावर बोलतो, त्याची चौकशी कोणीं व कशी करावयाची? आणि तो सोबती धड सज्जन नाहीं व धड दुर्जनहि नाहीं, असा निघाला तर? दोन वर्षांमागें हा प्रश्न आमच्या रावेरच्या घरीं जेवणाच्या पंगतीस निघाला, तो कित्येक दिवस मिटला नाहीं. आणि शेवटीं त्याचा संबंध एका अगदीं खऱ्या व्यवहाराशीं येऊन भिडला. म्हणून तो वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

आमचें कुटुंब एकत्र. आई, आम्ही दोघे भाऊ, आमच्या मंडळी व मुलें, आणि गांवाबाहेर थोडी केळीची बागाईत, एवढा आमचा पसारा. थोरला पुतण्या पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास होता. तो उन्हाळ्याच्या सुटींत घरीं आला तो एक व्हिडिओ गेम बरोबर घेऊनच. वैशाखांत रावेरास दुपारीं दाराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. तेव्हां पंख्याखालीं बसून त्याचा खेळ चाले, आणि मीहि जवळ बसून पाहत असें. खेळ कांहीं नवा नव्हता. जॉर्ज लुकास यांच्या १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटापासून जें एक काल्पनिक विश्व उभें राहिलें आहे, त्यांतच 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या खेळाची कथा घडते. त्याचा दुसरा भाग अमेरिकेंतील ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या कंपनीनें २००४ च्या डिसेंबरांत काढला. २०२० सालीं तो फोनवरहि खेळतां येऊं लागला, आणि त्यामुळें आमच्या पुतण्याच्या पिढीच्या हातीं तो पुन्हां आला.

या विश्वांत सर्व चराचराला व्यापणारी एक शक्ति मानिली आहे. तिचा सदुपयोग करणारे एका बाजूस, दुरुपयोग करणारे दुसऱ्या बाजूस, असा सरळ हिशेब. आपल्याकडील सापशिडीचें मूळहि अशाच सरळ हिशेबांत आहे. ज्या मोक्षपटाचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरमहाराजांच्या नांवाशीं जोडते, त्यांत सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप असत. शिडी कोणती आणि साप कोणता, याविषयीं खेळणाऱ्याला शंका पडत नसे. या नव्या खेळांत मात्र लेखक ख्रिस अॅव्हेलोन यांनीं एक म्हातारी आणून बसविली आहे, आणि ती शिडी आहे कीं साप, हें खेळ संपला तरी खेळणाऱ्याला सांगतां येत नाहीं.

तिचें नांव क्रेया. डोक्यावरून ओढलेल्या वस्त्रानें तिचे डोळे झांकलेले असतात. ती डोळ्यांनीं पाहतच नाहीं. खेळणारा हा एक हद्दपार झालेला योद्धा असतो. त्याला प्रारंभींच ती भेटते, संकटांतून बाहेर काढते, विद्या शिकविते, आणि शेवटपर्यंत त्याची पाठ सोडीत नाहीं. तिचें बोलणें इतकें मार्मिक कीं ऐकतच राहावें. पण हीच बाई दुसऱ्या एका सोबत्याचें जुनें पाप ओळखून त्या धाकावर त्याला आपल्या मुठींत ठेविते. स्वतः कोण आहे व कशासाठीं बरोबर आली आहे, हें ती लपवून ठेविते. अखेरीस कळतें तें असें कीं, जी शक्ति माणसांना सोंगट्यांप्रमाणें खेळविते ती शक्तीच नाहींशी करावी, हा तिचा हेतु होता. आणि ज्या शिष्याला तिनें घडविलें त्यालाच तिच्याशीं लढावें लागतें. तिचें आपल्या शिष्यावर प्रेम नव्हतें काय? होतें. तिनें त्याला फसविलें नाहीं काय? फसविलें. दोन्ही गोष्टी खऱ्या, हीच तर अडचण.

खेळांतील ज्या प्रसंगावरून आमच्या घरीं वाद पेटला, तो अगदीं साधा आहे. निर्वासितांची गर्दी असलेल्या एका वस्तींत एक भिकारी खेळणाऱ्यापुढें हात पसरून पांच नाणीं मागतो. खेळणाऱ्यानें तीं दिलीं, कीं क्रेया त्याला विचारते, कां दिलींस? आणि पुढें काय झालें तें ती त्याला अंतर्दृष्टीनें दाखविते. त्या भिकाऱ्याच्या हातीं पैसा आला हें दुसऱ्या कोणीं तरी पाहिलेलें असतें; तो त्याला मारून लुबाडतो. बरें, पैसे न देतां खेळणाऱ्यानें त्याला झिडकारून लाविलें, तरीहि ती विचारते, असें कां केलेंस? आणि दाखविते कीं तो संतापलेला भिकारी तोच राग दुसऱ्या एका दुबळ्यावर काढीत आहे. दिलें तरी दुःख, न दिलें तरी दुःख. तिचें म्हणणें असें कीं, माणसाला न मिळविलेली वस्तु हातीं दिली म्हणजे त्याचा झगडा त्याच्यापासून हिरावून घेतल्यासारखें होतें. आणि विचार न करितां केलेली दया ही विचार न करितां केलेल्या क्रौर्याची सख्खी बहीण आहे.

पुतण्यानें हें पंगतीस सांगितलें तेव्हां प्रथम कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. पण पुढें चारच दिवसांनीं स्टेशनावर एका पांगळ्या माणसानें हात पुढें केला असतां त्यानें खिशांत गेलेला हात तसाच बाहेर काढला, आणि घरीं येऊन, "दिल्यानें त्याचें नुकसानच झालें असतें," असें मोठ्या गंभीरपणें सांगितलें. तेव्हां वहिनींनीं हातांतली वाढणी खालीं ठेविली. त्यांचें मत स्वच्छ होतें. असली सोबत घरांत नको. वाईट माणूस वाईट दिसतो तोंवर त्याचें भय नाहीं; पण जो चांगल्याच्या तोंडानें वाईट शिकवितो, त्याच्यापासून मुलांना दूरच ठेवावें. कंजूषपणाला तत्त्वज्ञानाची शाल मिळाली कीं तो उजळ माथ्यानें मिरवूं लागतो.

माझे थोरले बंधु इतिहासाचे वाचक आहेत. त्यांनीं उलट पक्ष उचलला. ते म्हणाले, "ज्या गांवांत आपण राहतों तें रावेर निजामाकडून पेशव्यांस मिळालें तें १७६३ सालीं. त्याच वर्षीं राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईंत पडला. साडेतीन शहाण्यांतला तो एक शहाणा. दुसरे सखारामबापू बोकील. ते पेशव्यांच्या बाजूचे होते, पण ते नक्की कोणाचे, हें सांगा पाहूं?" आणि खरोखरच सांगणें कठीण आहे. बापू रघुनाथरावांचे विश्वासू म्हणून पुढें आले. १७७३ त नारायणरावांचा खून झाल्यावर त्याच रघुनाथरावांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारस्थानांत नाना फडणिसांबरोबर तेच अग्रभागीं होते. १७७६ चा पुरंदरचा तह त्या दोघांच्याच विद्यमानें झाला. पुढें दोनच वर्षांत रघुनाथरावांस पुन्हां पुण्यास आणण्याच्या खटपटींत बापूंचें अंग दिसूं लागलें. १७७९ त त्यांस कैद झाली, आणि १७८१ त रायगडावर कैदेंतच त्यांचा अंत झाला. "अशा माणसाची बुद्धि थोरल्या माधवरावांनीं वापरली," बंधु म्हणाले, "त्याचा ओढा चुलत्याकडे आहे हें ओळखून वापरली, आणि कारभाराची सूत्रें स्वतःच्या हातीं ठेविलीं. जगांत शहाणीं माणसें निवडक असतात, आणि तीं नेहमीं निर्मळ असतातच असें नाहीं. मग त्यांच्याशीं वागावयाचें कसें, याचा अभ्यास मुलानें कोठें करावा? खेळांत फसला तर निदान परगणा तरी गमवावा लागत नाहीं."

या युक्तिवादांत तथ्य आहे, हें कबूल केलें पाहिजे. शिवाय याच खेळांत एक मौजेची योजना आहे. खेळणाऱ्याचे जे इतर सोबती असतात त्यांच्यावर खेळणाऱ्याची छाप पडत जाते. छाप वाढली कीं खेळणारा सत्कृत्यें करीत असेल तर तेहि सन्मार्गाकडे झुकतात, आणि तो दुष्टपणा करीत असेल तर तेहि त्या बाजूस सरकतात. म्हणजे आपल्या म्हणींतील पवळ्याला येथें प्रथमच कळतें कीं, आपणहि कोणाचा तरी ढवळ्या आहों. मुलांना वाईट संगतीपासून जपतांना आपण त्यांना एवढेंच शिकवितों कीं तुला गुण लागेल. तुझाहि गुण दुसऱ्याला लागतो, हें सहसा शिकवीत नाहीं.

वाद येथवर येऊन थांबला असता, तर तो उन्हाळी दुपारची करमणूक ठरला असता. पण मध्येंच आखाजी आली. खानदेशांत अक्षय्य तृतीयेस सालदाराचें साल संपतें आणि नवें ठरतें. आमच्याकडे एक सालदार सोळा वर्षें होता. माणूस कष्टाळू, केळीच्या घडावर हात ठेवून तो कधीं उतरवावा हें सांगणारा. पण त्याला दारूचें व्यसन होतें, आणि मागील दोन वर्षांची उचल कोठें गेली हें सर्वांस ठाऊक होतें. त्या आखाजीला त्यानें नेहमींच्या उचलीशिवाय ४०,००० रुपये मागितले. त्याची मुलगी बारावीच्या परीक्षेस बसली होती. निकाल लागल्यावर तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठीं जळगांवास पाठवावयाचें त्याच्या मनांत होतें.

त्या रात्रीं पंगतीस पुतण्या म्हणाला, "काका, ही तीच गोष्ट झाली. पैसे दिले तर निकाल लागेपर्यंत ते गुत्त्यांत जातील. नाहीं दिले तर तो सावकाराकडून काढील, आणि मुलीचें शिक्षण राहून व्याजच फेडीत बसेल." त्याच्या बोलण्यांत या वेळीं तोरा नव्हता. त्या मुलीला तो लहानपणापासून ओळखत होता. बंधु गप्प झाले. वहिनीहि गप्प झाल्या, कारण दोन्हीकडचें भाकीत खरें ठरण्याजोगें होतें. खेळांतली म्हातारी जणूं आमच्या स्वयंपाकघरांत येऊन बसली होती.

आईनें एवढे दिवस या वादांत भाग घेतला नव्हता. तिनें नातवाला विचारलें, "तुझ्या त्या खेळांत पैसे देणारा नंतर काय करतो?"

"काय करणार? पुढें जातो."

"मग चुकलें तें देण्यांत चुकलें कीं पुढें जाण्यांत?"

पंगतींत कोणी बोलेना. आई पुढें म्हणाली, "त्याच्याबरोबर चार पावलें कोणी गेलें असतें, त्याला बसवून जेवूं घातलें असतें, तर त्याला लुबाडलें कोणीं असतें? त्या बाईला इतकें दूरचें दिसतें, तर तिनें आधींच कां नाहीं सांगितलें?"

मला वाटतें, या दोन प्रश्नांत क्रेयेची सारी शक्ति आणि सारी लबाडी उघडी पडते. तिचा सिद्धांत खरा भासतो, कारण कथाकारानें दोन्ही वाटांच्या शेवटीं दुःख आधींच मांडून ठेविलें आहे, आणि तिसरी वाट ठेविलीच नाहीं. दान कोणतेंहि पडो, डाव तिचाच. असे फासे आपल्या ओळखीचे आहेत. हस्तिनापुरच्या द्यूतसभेंत ते शकुनीच्या हातीं होते. खऱ्या आयुष्यांत पांच रुपये दिल्यावर पुढें काय होतें हें कोणी आपल्याला अंतर्दृष्टीनें दाखवीत नाहीं. पण तेथें आपल्याला थांबतां येतें, पुन्हां जातां येतें, विचारपूस करितां येते. जें खेळांत नाहीं तें हेंच.

ठरलें तें असें. सालदाराला नेहमींची उचल द्यावी. मुलीची फी निकालानंतर आपण स्वतः महाविद्यालयांत जाऊन भरावी. निकाल चांगला लागला. वहिनी मुलीला घेऊन जळगांवास गेल्या, प्रवेश झाला, राहण्याची सोयहि पाहून आल्या. पुतण्यानें पुण्याहून तिला कांहीं पुस्तकें पाठविलीं. येथवर सर्व गोड झालें, आणि कथा असती तर येथेंच संपली असती.

पण आखाजीला जेव्हां हा निर्णय सालदारास सांगितला, तेव्हां तो बराच वेळ खालीं पाहत उभा होता. मग म्हणाला, "भाऊ, सोळा वर्षें तुमच्या बागेच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. पोरीच्या पैशापुरताच माझ्या हातावर भरवसा नाहीं?" याला काय उत्तर द्यावें? भरवसा नव्हता ही गोष्ट खरी, आणि त्याला कारण होतें हीहि खरी. त्यानें तें साल चोख काम केलें. पुढल्या आखाजीला मात्र तो आमच्याकडून निघून दुसऱ्या मळ्यावर राहिला. जातांना आईच्या पायां पडला. रागावून गेला नाहीं. मुलगी आतां दुसऱ्या वर्षाला आहे. न मिळविलेल्या वस्तूबरोबर माणसाच्या अभिमानाला एक ओरखडा मिळतो, हें त्या पडद्यावरच्या म्हातारीचें म्हणणें तेवढ्यापुरतें खरें ठरलें. आम्हीं तिची तिसरी वाट शोधून काढली खरी. पण ती वाटहि फुकट मिळाली नाहीं.

मग असा दुरंगी सोबती चांगला कीं वाईट? आपल्या शास्त्रग्रंथांत वादाची एक शिस्त आहे. प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडावयाचें, तो पूर्वपक्ष. त्याचा परामर्श घेऊन मग आपला सिद्धांत. पूर्वपक्ष दुबळा मांडणारा पंडित हा लबाड समजावा. क्रेयेसारखी सोबतीण ही तरुणाला मिळालेला उत्तम पूर्वपक्ष आहे. आपण दया करितों ती संवयीनें कीं विचारानें, देतों तें त्याच्यासाठीं कीं आपल्या समाधानासाठीं, हे प्रश्न घरांतलें कोणी माणूस विचारूं धजत नाहीं, ती विचारते. तिनें विचारले नसते तर त्या आखाजीला आम्हीं ४०,००० रुपये एक तर मोजून दिले असते, नाहीं तर नाकारले असते, आणि दोन्ही वेळां रात्रीं शांत झोपलों असतों. एवढ्यापुरते तिचे आमच्या घरावर उपकार आहेत. अनर्थ होतो तो पूर्वपक्षालाच सिद्धांत समजून पोथी मिटली म्हणजे. स्टेशनावर खिशांतून रिकामा बाहेर आलेला हात हा त्या मिटलेल्या पोथीचा हात होता.

आणखी एक कसोटी मला सुचते. भारतीय युद्धांतल्या सर्वांत मोठ्या सोबत्यानें, सारथ्यानें, रणांगणावर सर्व कांहीं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायांत अर्जुनास म्हटलें आहे कीं, या सर्वांचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसें कर. त्यानें आपलें स्वरूप लपविलें नव्हतें. तें अकराव्या अध्यायांतच दाखवून झालें होतें. क्रेयाहि शिष्याला विचार करावयास सांगते. परंतु विचाराला लागणारी अर्धी माहिती ती आपल्या पदराखालीं झांकून ठेविते. सोबती निर्मळ आहे कीं डागाळलेला, यापेक्षां तो काय लपवितो आणि शेवटचा निर्णय कोणाकडे ठेवितो, हें पाहावें. सखारामबापूंच्या बाबतींत थोरल्या माधवरावांनीं पाहिलें तें हेंच.

तेव्हां ज्या घरांत असले खेळ येतात, आणि आज ते कोणत्या घरांत येत नाहींत, तेथील वडीलधाऱ्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. मुलाच्या हातून तो खेळ हिसकावून घेऊं नये. पण त्याला त्या म्हातारीजवळ एकटाहि सोडूं नये. जवळ बसावें, ती काय म्हणते तें ऐकावें, आणि तिला जो प्रश्न सुचला नाहीं तो विचारावा. तसा प्रश्न विचारणारें माणूस घरांत असेल, तर क्रेया मुलाला बिघडविणार नाहीं. आणि तसें माणूसच घरांत नसेल, तर निव्वळ सज्जनांच्या गोष्टी सांगूनहि त्याचें फारसें भलें होईल, असें मला वाटत नाहीं.